राजवाड्यात ठेवलेलं नाव

"आता या दालनातली गंमत ऐका," मी म्हणाले आणि बायका पुढं सरकल्या.

जनानखान्यापर्यंत येईतो पाहुणे दमलेले असतात. दरबार, तलवारी, पेंढा भरलेले वाघ, तळ्याकाठचा हत्तीखाना एवढं पायाखालून गेलं, की माणसाला इतिहास नको होतो, टेकायला जागा हवी असते. त्यावर माझ्याकडं एक हुकमी औषध होतं.

"या राजवाड्यात दासींची नावं कायमची ठरलेली. जाई, जुई, शेवंती आणि मोगरा. एखादी जाई मेली किंवा घालवून दिली, की तिच्या जागी नवी पोर यायची आणि तिचं नाव जाई. राणीसाहेबांच्या जिभेला त्रास नको!" इथं मी जरा थांबायची. "आपण नाही का, कामवाली बदलली तरी महिनाभर जुनीच्याच नावानं हाका मारत? यांनी सरळ नियमच करून टाकला."

हशा पिकला. तो नेहमीच पिकायचा. महिला मंडळाची सहल होती, त्यामुळं जरा जास्तच. कुणीतरी कुणाला 'ए मोगरा' म्हणून चिमटा काढला, आणि सगळ्या खिदळत सज्ज्याकडं वळल्या.

एकजण वळली नाही. पन्नाशीची असेल. हिरवं इरकली लुगडं, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. ती हसलीही नव्हती.

धामणगडचा हा राजवाडा लोकांसाठी खुला करून तेव्हा चार वर्षं झाली होती. संस्थान कधीच गेलं होतं, आंब्याची बाग तेवढी उरली होती. गळकी छपरं झाकायची तर तिकीट लावण्यावाचून इलाज नव्हता. हे तिकिटांची आणि बागेची व्यवस्था बघायचे. बोलण्याचं खातं माझ्याकडं. मी पुण्यातल्या बँक मॅनेजरची मुलगी, नीला. लग्नात तांदळात बोट फिरवून ह्यांनी माझं नाव शर्मिष्ठादेवी लिहिलं आणि पहिल्याच रात्री 'नीलू' म्हणून हाक मारली. पाहुण्यांना मी सून असल्याचं सांगत नसे. सांगितलं की लोक वाघ सोडून माझ्याचकडं बघत राहतात.

सासूबाई, म्हणजे आईसाहेब, वरच्या मजल्यावर असायच्या. तिकीट काढून आलेल्या माणसासमोर त्या एकदाही आल्या नव्हत्या. "आम्ही काय पेंढा भरलेल्या आहोत का?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं.

"बाई," इरकलवाली म्हणाली, "त्या दासी ऱ्हायच्या कुठं?"

हा प्रश्न चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. आणि उत्तर मला ठाऊक होतं, हीच पंचाईत होती.

"मागच्या अंगणात. खोल्या होत्या ओळीनं."

"बघाय मिळतील?"

"त्या आता... तिथं आम्ही पाहुण्यांसाठी संडास-बाथरूम केलेत, मावशी."

"आसं व्हय," ती म्हणाली. "मगाशी जाऊन आले की मी तितं."

राग नाही, काही नाही. आवाजात नुसती नोंद. माझे कान मात्र तापले.

"कुणी ओळखीचं होतं का इथं?"

"माजी आई. जाई." मग माझ्या तोंडाकडं बघत तिनं सुधारून सांगितलं, "म्हंजे तुमी म्हन्ता त्यातली येक. राणीसायबांच्या लग्नात त्यांच्या म्हायेरनं आंदण आल्याली."

आंदण म्हणजे लग्नात मुलीसोबत द्यायच्या वस्तू. हंडे, पलंग, समया. त्या काळी मोठ्या घरांत त्यासोबत एखादी पोरही द्यायचे. हेही मी सांगायची पाहुण्यांना, पलंग दाखवताना. राणीसायब म्हणजे कोण, हे मोजायला मला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर बसल्या होत्या त्या.

तिला काय हवं होतं ते तिनं तिथंच, भिंतीला टेकून सांगितलं. आई गेल्या माघात गेली. भावंडांनी वर्गणी करून गावच्या शाळेत तिच्या नावानं पाण्याची टाकी बांधली. आता टाकीवर फरशी बसवायची, नाव कोरायचं.

"आनि नावच न्हाई. सासरी सगळी तिला जाईच म्हनायची, न्हाईतर वाड्यातली म्हनायची. मी ल्हानपनी इचारायची, आई, तुजं खरं नाव काय गं? तर हसायची. म्हनायची, वाड्यात ठिवलंय, मोठी झालीस की जाऊन घिऊन ये. मला वाटायचं चेष्टा करतीय. फुडं कामाधंद्यात ऱ्हाऊनच गेलं. शेवटाला अर्धांग झाला, वाचा गेली. तवा इचाराय बसले. नुसती बघायची माज्याकडं."

"जाईच कोरलं तर?"

"आता तुमीच सांगितलं की. जाई म्हंजे तिचं नाव न्हवं. खुर्चीला नाव आसतंय तसलं ते." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमच्याकडं लिवून ठिवलं आसंल की कुटंतरी?"

जुनं दप्तर मी स्वतः लावलं होतं. दासींची नावं लिहायची पद्धत नव्हती. मी तसं सांगितलं.

"हत्तींची लिवलीत," ती म्हणाली. "तळ्याकडं. दगडावर."

खरं होतं. गजलक्ष्मी, मोतीगज, रणमस्त. पाहुणे त्या दगडांशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. मी मान खाली घातली. मी काही कुणाला विकत घेतलं नव्हतं, कुणाचं नाव पुसलं नव्हतं. पण रोज चार वेळा त्यावर हशा पिकवत होते, आणि त्या हशाचं तिकीट घेत होते.

"थांबा मावशी," मी म्हणाले. "एकजण आहेत, त्यांना माहीत असेल."

आईसाहेब खिडकीशी बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. मी सगळं सांगितलं. आंदण, टाकी, फरशी. अडकित्ता थांबला नाही.

"अशा पुष्कळ होत्या. आम्हाला आठवत नाही."

"तुमच्या माहेराहून, तुमच्याबरोबरच आलेली, आईसाहेब. एकच असेल ना तशी?"

आता थांबला. त्यांनी कातरलेली सुपारी डबीत टाकली, झाकण लावलं, परत उघडलं.

"कोण आलंय म्हणालात?"

"तिची मुलगी."

"सांगा, आम्ही झोपलोय."

"आईसाहेब, नुसतं एक नाव..."

"सूनबाई. झोपलोय म्हणून सांगा."

त्या घरात मला आवाज चढवून कुणी बोललं नाही कधी. गरजच पडत नसे. मी जिना उतरले आणि जे सांगायला सांगितलं होतं ते मुकाट्यानं सांगितलं.

"मग उठतील की," बाई म्हणाली. "मी बसते."

आणि ती दालनाच्या उंबऱ्याशी भिंतीला पाठ लावून बसली. बाहेर सहलीच्या गाडीनं भोंगा वाजवला. मंडळाच्या अध्यक्षा आत येऊन "अहो लोंढेबाई, चला की, पुढं देवदर्शन राहिलंय," म्हणाल्या. तिनं "तुमी व्हा फुडं, मी येष्टीनं येते," म्हणून त्यांना वाटेला लावलं. मी पाणी आणून दिलं. ती प्यायली, पेला पदरानं पुसून परत दिला. माझ्यानं तिच्याशेजारी बसवेना आणि तिथून हलवेना. दुसरा जथा आला. त्यांना मी दालन दाखवलं, पलंग दाखवला, आणि जाई-जुईची गंमत गाळली. दालन एकदम कंटाळवाणं झालं. एका गृहस्थानं जांभई दिली.

त्यांची पाठ वळते न वळते तोच जिन्यावर काठी वाजली.

आईसाहेब खाली आल्या. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. जथ्यातला एक तरुण हळूच कॅमेरा काढायला लागला, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. सज्ज्याचं दार ओढून घेतलं. आम्ही तिघीच राहिलो.

"जाईची मुलगी कोण?"

बाई उठली. तिनं हात जोडले. मुजरा केला नाही.

"आई आहे?"

"गेली. माघात."

आईसाहेबांनी मान हलवली. बराच वेळ त्या तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. मग स्वतःच्या खालच्या ओठाला बोट लावलं. "इथं..."

"डाग हुता, व्हय. पोर असताना चुलीवर पडले म्हनायची."

"पडली नव्हती."

बाईचा हात स्वतःच्या ओठाकडं गेला.

"तुझं नाव काय?" आईसाहेबांनी विचारलं.

तेव्हा मला चटका बसला. दुपारभर ही बाई माझ्यासमोर होती. तिच्या आईच्या नावासाठी मी जिने चढले-उतरले, आणि तिचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं. मावशी म्हटलं की आमचं काम भागतं.

"कुमुदिनी," ती म्हणाली.

आईसाहेबांनी हात मागं नेला, काहीतरी चाचपलं आणि मागं होती त्या खुर्चीत त्या बसल्या. चांदीच्या मुठींची ती खुर्ची. तिच्यावर 'कृपया बसू नये' अशी पाटी मीच बांधली होती. पाटी त्यांच्या पाठीखाली चुरगळली.

"हे नाव कुणी ठेवलं?"

"आईनंच. आत्यानं हौसा ठरिवलं हुतं. आई ऐकंना. बाळंतीण बाई, भांडली म्हनं सगळ्यांसंगट. गाव हसायचं, गाडीवानाची पोर आनि नाव कुमुदिनी! कुटनं आनलंस म्हनून इचारलं तर म्हनायची, वाड्यातनं आनलं."

"माझं नाव आहे ते," आईसाहेब म्हणाल्या.

त्यांचं नाव पद्मावतीदेवी. बागेच्या कमानीवर तेच, ट्रस्टच्या कागदांवर तेच. सहा वर्षं मी त्या घरात होते, त्यांचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आणि त्या आम्ही सोडून 'माझं' म्हणाल्या, तेही मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तेरा वर्षांची होते इथं आले तेव्हा. ती त्याहून लहान. इथं आल्याबरोबर मी पद्मावती झाले आणि ती जाई झाली. मला सोसेना. सगळे पद्मावती पद्मावती करायचे, मला वाटायचं मी मेलेच, ही दुसरीच कुणीतरी. मग मी तिला शिकवलं. केस विंचरताना, दार लावून, मला कुमुद म्हणायचं. ती घाबरायची. मी हट्ट करायची. 'म्हण गं, एकदा म्हण.' ती म्हणायची. रोज म्हणायची, एक दिवसही चुकवलं नाही तिनं."

अंगणात कुणीतरी मुलाला हाक मारत होतं. आईसाहेब थांबल्या, हाक संपू दिली.

"एके दिवशी मासाहेबांनी दाराबाहेरून ऐकलं. माझ्या सासूबाई. आत आल्या. म्हणाल्या, दासीनं राणीला नावानं हाक मारायची? हिला कुणी शिकवलं? आणि मी..." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "मी म्हणाले, कुणी नाही. तीच शेफारलीय."

"मंग?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"ज्या तोंडानं नाव घेतलं त्याला डाग दिला. मी इथंच होते, या दालनात. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी शिकवलं असं ती बोललीही नाही. महिन्याभरात गाडीवानाशी लग्न लावून तिला पाठवून दिली. मी निरोपालाही उठले नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. कुमुदिनीबाईंचे डोळे कोरडे होते. त्या आल्या होत्या त्या कामावरून त्यांचं चित्त हललं नव्हतं.

"झालं ते झालं, राणीसायब. आईनं तुमच्याबद्दल वाकडा शबुद काढला न्हाई कदी. तुमी तेवडं नाव सांगा. तिचं."

आईसाहेबांनी नजर पलंगाकडं वळवली.

"तुमच्या म्हायेरनंच आली की ती. तुमास्नी ठावं आसंल."

"गाडीत सांगितलं होतं तिनं," आईसाहेब म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला की मी पुढं झाले. "माहेराहून निघालो त्या दिवशी. मी रडत होते. ती समोर बसली होती, मांडीवर माझी दागिन्यांची पेटी घेऊन. मला हसवावं म्हणून म्हणाली, ताईसाहेब, माझं नाव ठाऊक आहे का? आणि सांगितलं. मी खिडकीतून माहेरच्या घाटाकडं बघत होते. कानावर पडलं. मी ठेवलं नाही."

"मंग परत इचारलं आसंल की."

"नाही."

"येवड्या वर्सात? येकदा बी?"

"मी तिला जाईच म्हणायची," आईसाहेब म्हणाल्या. "दार लावल्यावरसुद्धा."

मला वाटलं आता कुमुदिनीबाई शिव्या देतील, आणि द्याव्यात असंच वाटलं. पण त्या नुसत्या त्या दालनाकडं बघत राहिल्या. पलंग, आरसा, फणीकरंड्याचं कपाट. सगळ्यावर माझ्या सुबक अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या.

"सूनबाई," आईसाहेब घाईघाईनं म्हणाल्या, "कुंकवाचा करंडा आणा. नारळ आणा. माझ्या कपाटातली जांभळी पैठणी आणा. हिची ओटी भरायची. माहेरवाशीण आहे ही."

मी धावतच गेले. परत आले तेव्हा त्या दोघी होत्या तिथंच होत्या. आईसाहेब खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होत्या. कुमुदिनीबाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं, नीट उभं केलं, पडलेली काठी हातात दिली. मग करंड्यातलं कुंकू चिमटीनं घेऊन स्वतःच्या कपाळाला लावलं. पैठणीला हात लावला नाही.

"वटी नगं," त्या म्हणाल्या. "नाव आठवलं तर कळवा. मी फरशी रिकामी ठिवते."

एसटीच्या थांब्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. वाटेत धीर करून म्हटलं, "मावशी... कुमुदिनीबाई, मघाशी ती गंमत मी सांगायला नको होती."

"तुमी सांगितली म्हनून तर कळलं," त्या म्हणाल्या. एवढ्यात गाडी आली.

त्या दिवसानंतर आईसाहेबांनी पाहुण्यांपासून लपणं सोडलं. सकाळी जेवण उरकून खाली यायच्या आणि दालनात स्टुलावर बसायच्या. मी जथा घेऊन आत शिरले की एखाद्या बाईला मध्येच विचारायच्या, "तुमचं नाव काय हो?" आणि "तुमच्या आईचं?" मग "आजीचं?" लोकांना वाटायचं हाही दर्शनाचाच भाग आहे. खुशीनं सांगायचे. त्या एकेक नाव ओठांत घोळवून बघायच्या. ठकू. बनाबाई. सारजा. काही वेळा चेहरा उजळायचा, त्या माझा हात घट्ट धरायच्या, "सूनबाई, हेच असेल का गं?" आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच मान हलवायच्या. उगीच कुठलंही एक नाव कळवून टाकावं, असा पापी विचार माझ्या मनात येऊन गेला. त्यांच्याही मनात आला असणार. पण त्यांनी तसं केलं नाही.

एकदा मी त्या गावी जाऊन आले. शाळेची मधली सुट्टी होती. मुलं टाकीच्या नळांना ओंजळी लावून पाणी पीत होती. वर पांढरी फरशी बसवली होती. तिच्या तळाशी 'हिच्या स्मरणार्थ' एवढं कोरलं होतं आणि वरची सगळी जागा मोकळी होती. मी कुमुदिनीबाईंच्या घरी न जाताच परतले. काय तोंड दाखवणार होते?

पुढच्याच्या पुढच्या पावसाळ्यात आईसाहेब पडल्या. डोक्याला मार लागला. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस डोळे मिटून होत्या, तिसऱ्या दिवशी सकाळी उघडले. डॉक्टर तरुण होता, मोठा गोड स्वभावाचा. त्यानं त्यांचा हात हातात घेतला, कानाशी वाकून विचारलं, "आजी, शुद्ध आली का? नाव सांगता येईल का मला? नाव?"

आईसाहेबांनी त्याच्याकडं टक लावून बघितलं.

"गोदा?" त्या म्हणाल्या.

त्यानं कागदाकडं बघितलं आणि मान हलवली. "नाही आजी. आठवा बरं."

"तानी?"

"नाही."

"चंद्रा? सखू?" दर नावाला त्या त्याच्या चेहऱ्यावर शोधत होत्या, की हा आता हो म्हणतोय का. "रखमा?"

डॉक्टरनं हळूच त्यांचा हात चादरीवर ठेवला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. त्या अजून पुरत्या शुद्धीवर नाहीत. त्यांना नाव आठवत नाहीये."

"नाव आठवत नाहीये, हे खरं आहे," मी म्हणाले. "पण डॉक्टर, त्या पुरत्या शुद्धीवर आहेत."